पाइकचा डबा, मरळीचं पाणी

इंदूरला बसून मोठ्या शिकारी माशासाठी ल्यूर, म्हणजे गळाचं नकली आमिष, मागवायला गेलं की समोर येतो तो माल बहुतेक पाइक या परदेशी माशासाठी बनवलेला असतो. १८ सेंटिमीटरचं, ८० ग्रॅमचं जर्कबेट (हिसके देत ओढायचं ल्यूर), त्याच्या पोटाखाली दोन तिहेरी गळ. तळहाताएवढा पितळी स्पून, चमच्यासारखा चमकणारा. वीतभर लांब, शेपूट हलवणारा रबरी मासा. आम्ही चौघांनी वर्गणी काढून असा एक डबा भरला आणि दोन हंगाम तो महू-मानपूरकडच्या गावतळ्यांवर आणि ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्यावर वापरून पाहिला. आपल्याकडे पाइक नाही, मरळ आहे. नर्मदेकाठी तिला सांवल म्हणतात. दोन्ही मासे दबा धरून बसणारे, दोघांचीही तोंडं दातांनी भरलेली, तेव्हा एकाचं ल्यूर दुसऱ्याला चालावं असं वाटतं. डब्यातल्या २१ ल्यूरांपैकी ४ कामाची निघाली. बाकीची १७ का चालली नाहीत हे उमगल्यावरच ती ४ नीट वापरता आली, म्हणून सुरुवात तिथून.

पाइक हा थंड पाण्याचा मासा. उत्तर युरोप, रशिया, उत्तर अमेरिका हा त्याचा मुलूख. पाणी २० अंशांच्या वर गेलं की मोठा पाइक उथळ जागा सोडून खालच्या गार थरात उतरतो. जड स्पून आणि खोल डुबी मारणारी ल्यूरं बनली ती त्याला तिथे गाठण्यासाठी. अंगानेही तो मोठा होतो. गळाने पकडलेल्या पाइकचा जागतिक विक्रम १९८६ सालचा, जर्मनीतला, २५ किलोचा आहे. असा मासा हातभर लांबीचं भक्ष्यही सोडत नाही, तेव्हा त्याच्यापुढे वीतभर ल्यूर टाकण्यात अर्थ असतो. टाळूवर मागे वळलेल्या दातांच्या रांगा आणि खालच्या जबड्यात सुळे, त्यामुळे नायलॉन काय नि ब्रेडेड (विणलेल्या धाग्याची) लाइन काय, सहज कापली जाते. म्हणून ल्यूरच्या पुढे किमान ३० सेंटिमीटर स्टीलची तार लावतात. म्हणजे त्या डब्यातली एकेक वस्तू थंड, खोल, बऱ्यापैकी मोकळ्या पाण्याला दिलेलं उत्तर आहे.

मरळीचा प्रश्नच वेगळा. तिला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, हवा साठवायची एक पोकळी असते आणि ती भरायला तिला ठरावीक वेळाने पृष्ठभागावर यावंच लागतं. त्यामुळे जिथे दुसरा मासा गुदमरेल अशा कोमट, हिरव्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात ती आरामात राहते. आपल्या तळ्यांत मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या वर असतं, खोली गुडघा ते छाती, वर जलपर्णी किंवा शिंगाड्याचे वेल, काठाला बेशरमीची झुडपं. अशा जागी दोन तिहेरी गळांचं जर्कबेट टाकलं की प्रत्येक फेकीला किलोभर हिरवा पाला घरी येतो. जड स्पून सरळ गाळात जाऊन बसतो. स्टीलची तार हलक्या ल्यूरचं नाक पाण्यात खुपसते. मरळीचेही दात हाताला रक्त काढतात, पण ती पाइकसारखी लाइन कातरत नाही. लाइन खरवडली जाते, आणि जाड ब्रेडेड लाइन तेवढं सोसते. पाइकच्या पाण्यावर मात्र हा शहाणपणा चालवू नये. तिथे तार नसली तर मासा लाइन तोडून घशात गळ घेऊन जातो.

डब्यात उरलेली चार: १४ ग्रॅमचा स्पिनरबेट (तारेवर गरगरणारं पातं असलेलं ल्यूर), १२ सेंटिमीटरचा रबरी शॅड (शेपूट हलवणारा मासा), गळापुढे तारेचं कुंपण असलेला २१ ग्रॅमचा स्पून आणि ११ सेंटिमीटरचा तरंगता मिनो (लहान माशाच्या आकाराचं कडक ल्यूर). पण गावतळ्यावर खरं काम करतो तो पोकळ रबरी बेडूक. सगळे त्याला फ्रॉगच म्हणतात. पाइकच्या डब्यात तो नव्हता, वेगळा घ्यावा लागला, आणि लेखाचा जास्त भाग त्याच्यावरच जाणार आहे, कारण दिसायला सगळ्यात सोपं हेच ल्यूर सगळ्यात जास्त बिघडलेलं मिळतं.

माप ५५ ते ६० मिलिमीटर, वजन १२ ते १५ ग्रॅम. ४५ मिलिमीटरचा ७-८ ग्रॅमवाला जाड रॉडने वाऱ्यात फेकता येत नाही, आणि दाट पाल्यावरून नुसता घसरतो; पाला दबत नाही, खालच्या माशाला काही कळत नाही. ६५ च्या वर गेलं की चुकलेले हल्ले वाढतात. “मोठं ल्यूर तर मोठा मासा” हा पाइकवाल्यांचा मंत्र इथे अर्धाच खरा. पाच किलोची मरळ ५५ मिलिमीटरचा बेडूक खुशाल घेते.

हातात आल्यावर पहिली परीक्षा चिमटीची. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. पाठीवर निजलेली गळाची दोन्ही टोकं हलक्या दाबाने पूर्ण बाहेर यायला हवीत. लिंबू पिळण्याएवढा जोर लागत असेल तर तो बेडूक मुलांना आंघोळीला द्यावा. दुसरी परीक्षा बादलीची. अर्ध्या मीटरवरून दहा वेळा पाण्यात सोडा. नऊ वेळा तरी तो पोटावर पडायला हवा आणि शेपटीकडे झुकून, नाक वर करून बसायला हवा. स्वस्तातले बरेच बेडूक उताणे पडतात किंवा नाकावर उभे राहतात. कारण वजन पोटाच्या मधोमध असतं. मागच्या भोकातून शिशाचे दोन-तीन बारीक छर्रे आत सरकवायचे, किंवा गळाच्या दांड्याला मागच्या बाजूने शिशाची तार गुंडाळायची. एकूण २ ग्रॅम पुरतात. त्याहून जास्त घातलं की बेडूक शेपटीवर उभा राहतो आणि ओढल्यावर नांगरासारखा पाला उकरतो.

गळ दुहेरी असतो. टोकं पाठीला घट्ट चिकटलेली असतील तर पक्कड घेऊन दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला प्रत्येकी २ मिलिमीटर वाकवायची. एकदाच, एका दमात. पुन्हा पुन्हा पुढे-मागे केलं तर पोलाद चिरतं, आणि ते घरी नाही, मासा लागल्यावर मोडतं. २ मिलिमीटरच्या वर वाकवलं तर पाला अडकायला लागतो.

यानंतर पाण्याचा प्रश्न. नाकाच्या भोकातून पाणी शिरतं आणि दहाव्या फेकीला बेडूक बुडायला लागतो. आम्ही पहिल्यांदा उत्साहात पुढचं-मागचं दोन्ही भोकं गोंदाने बुजवली. बेडूक अप्रतिम तरंगला, आणि सकाळभरात लागोपाठ सहा हल्ले फुकट गेले. आतली हवा बाहेर पडायला जागाच नव्हती. मासा चावला तरी अंग दबत नव्हतं आणि गळाची टोकं पाठीवरून उठत नव्हती. तेव्हा फक्त नाकाजवळची फट सिलिकॉन सीलंटच्या एका थेंबाने बंद करायची, मागचं भोक उघडं ठेवायचं, आणि तीन-चार फेकींनंतर बेडूक पिळून पाणी काढायचं. पिळताना तो पिचकारी मारतो. तोंड दुसरीकडे ठेवा.

रबरी पाय कारखान्यातून ९-१० सेंटिमीटर लांब येतात. तेवढे ठेवले तर मासा पायच पकडतो आणि तोडून नेतो. ६ सेंटिमीटरवर कापा, आणि एका बाजूचे आणखी सेंटिमीटरभर आखूड करा. दोन बाजूंचा ओढा असमान झाला की प्रत्येक हिसक्याला बेडूक डावीकडे-उजवीकडे वळतो. फिनलंडच्या लॉरी रापालांनी १९३६ मध्ये बुचाच्या लाकडावर चॉकलेटचा चमचमता कागद आणि वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा थर देऊन पहिलं ल्यूर बनवलं, त्यामागचं निरीक्षण हेच होतं: मोठा मासा थव्यातला तिरपा, अडखळत पोहणारा मासा निवडतो. सरळ रेषेत येणारा बेडूक म्हणजे धडधाकट बेडूक.

रंगाचा बाऊ करू नये. मासा खालून बघतो, त्याला पोट दिसतं. पहाटे, संध्याकाळी आणि गढूळ पाण्यात काळं पोट, कारण आकाशाच्या उजेडावर आकृती ठसठशीत उठते. लख्ख उन्हात आणि स्वच्छ पाण्यात पांढरट किंवा पिवळसर. पाठीवर कोणताही रंग चालतो. आम्ही तिथे केशरी नेलपॉलिशचा ठिपका देतो, तो माशासाठी नाही, २५ मीटरवरून आपल्याला बेडूक दिसावा म्हणून.

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, हेवी, १५ ते ४५ ग्रॅम फेकणारा. टोक थोडं नरम हवं, नाहीतर हलका बेडूक हवेत पोचत नाही. खालचा दोन-तृतीयांश भाग मात्र वाकायला कंटाळणारा असावा. रील बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं), ७:१ च्या आसपास वेगाचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल सातदा फिरवणारं, कारण झटका द्यायच्या आधी सैल लाइन पटकन गोळा करायची असते. लाइन ५० पौंडी ब्रेडेड. तीन किलोच्या माशाला एवढी जाड कशाला, असं विचारणाऱ्याने एकदा माशाच्या डोक्यावर शिंगाड्याच्या वेलाची गुंडाळी झालेली पाहावी. जाडी माशासाठी नाही, पाल्यासाठी. स्पूलवर आधी दहाएक मीटर साधी नायलॉन लाइन गुंडाळून तिच्यावर ब्रेडेड चढवा. नाहीतर ती गुळगुळीत असल्यामुळे सगळी गुंडाळीच स्पूलवर गरगर फिरते आणि ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडला असं वाटत राहतं. बेडकाला लाइन थेट पालोमार गाठीने, म्हणजे लाइन दुहेरी करून बांधायच्या पक्क्या गाठीने. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करायची. ड्रॅग सामान तोलायच्या काट्याला लाइन बांधून ६ किलोवर लावतो. अंदाजाने लावलेला ड्रॅग आम्ही काट्यावर मोजून पाहिला तेव्हा कुणाचाही ३ किलोच्या वर भरला नव्हता.

आता तळं. गावतळी पंचायतीकडून मच्छीमार समितीला भाडेपट्ट्यावर दिलेली असतात, त्यामुळे पाण्याला मालक असतो. आधी समितीच्या माणसाला भेटायचं. “दादा, जाळं कुठे लावलंय, बीज कधी टाकलंय?” हे दोन प्रश्न विचारले की समोरचा मोकळा होतो, मरळ त्याच्या रोहू-कतल्याची पिल्लं खाते, त्यामुळे ती कमी झाली तर त्याला हवंच असतं. हातातलं ल्यूर पाहून “भिया, ये मेंढक है के चप्पल?” एवढं ऐकून घ्यावं लागतं. शिंगाडा लावलेल्या भागात ल्यूर टाकायचं नाही. ते कुणाचं तरी पीक असतं, आणि एक अडकलेला बेडूक ओढला की चार वेल उपटून येतात. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, नियम १९७२ पासूनचे आहेत. हा मरळीच्याही विणीचा काळ. म्हणजे इंदूरकराचा बेडकाचा हंगाम दोन तुकड्यांत येतो: रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आटोपल्यापासून १५ जूनपर्यंत, आणि राखीच्या सुमारापासून दिवाळीपर्यंत, राखी १५ ऑगस्टच्या आधी आली तर थांबायचं.

उजाडायच्या अर्धा तास आधी काठावर पोचायचं आणि पहिली वीस मिनिटं काहीच फेकायचं नाही. नुसतं बघायचं. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा लहान मासा ‘टप्’ करून जातो, पाणी उडतं. मोठी मरळ आवाज करत नाही. पाल्यातल्या उघड्या जागेत पाणी घडी पडल्यासारखं फिरतं, कधी मुठीएवढं डोकं दिसतं, आणि खाली जाताना बुडबुड्यांची एक माळ सोडते. ती माळ ज्या दिशेला जाते तिकडे माशाचं तोंड. बेडूक त्या वलयावर टाकायचा नाही. नुकतीच श्वास घेऊन गेलेली मरळ डोक्यावर धप्प आवाज झाला की पळते. तोंडाच्या दिशेने दीड मीटर पुढे, आणि जमलं तर पाण्यात नाहीच: उघड्या जागेच्या पलीकडच्या पाल्यावर टाकून तिथून पाण्यात घसरवायचा, जसा खरा बेडूक उतरतो.

पडल्यावर तरंग विरेपर्यंत थांबा. मग रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून मनगटाने १० सेंटिमीटरचे दोन-तीन हिसके, प्रत्येक हिसक्यानंतर लाइन सैल. लाइन ताठ राहिली तर बेडूक वळत नाही, सरळ ओढला जातो. पाल्यावर वेग थोडा जास्त चालतो, उघड्या जागेच्या कडेला आला की पूर्ण थांबवायचा. पाच मोजा, दहा मोजा. नवा माणूस इथेच घाई करतो. आमच्या वहीत नोंदवलेल्या हल्ल्यांपैकी निम्म्याहून जास्त बेडूक थांबलेला असताना झाले आहेत.

हल्ला कसा दिसतो ते नीट सांगितलं पाहिजे, कारण मासा जातो तो त्या एका सेकंदात. आधी बेडकाच्या मागचा पाला किंचित वर उचलला जातो, गोधडीखाली मांजर सरकल्यासारखा. मग ‘गप्प’ असा पोकळ आवाज, पाल्यात परातीएवढं भोक, आणि केशरी ठिपका गायब. हात आपोआप वर जातो. जाऊ द्यायचा नाही. या क्षणी मरळीने बेडूक पाण्यासकट आत ओढलेला असतो, तोंड मिटलेलं नसतं. झटका दिला तर बेडूक उडून आपल्या छातीवर येतो. टोक पाण्याकडे, सैल लाइन गोळा, “एक... दोन...”, लाइन बाजूला सरकायला लागली की मग दोन्ही हातांनी वर, पूर्ण जोर लावून. वरचा जबडा हाडाचा आहे, मनगटाचा झटका तिथे पुरत नाही. पाइक बाजूने पकडून मग भक्ष्य फिरवतो. त्याची सवय असलेला माणूस कधी कधी फार थांबतो, आणि मरळीने चार मोजेपर्यंत बेडूक थुंकलेला असतो.

हल्ला चुकला तर बेडूक ओढून घेऊ नका. तिथेच पडू द्या, पाचेक सेकंदांनी एकच बारीक हिसका. दुसऱ्यांदाही चुकला तर जागा दहा मिनिटं सोडून नंतर रबरी शॅड टाका. पण हल्ला पुन्हा पुन्हा होतोय आणि मासा तोंडात घेतच नाही, नुसता ढुशा देतोय असं दिसलं तर थांबा आणि आजूबाजूला बघा. पृष्ठभागावर लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका उकळत्या पाण्यासारखा वरखाली होत असतो. नर-मादी दोघंही त्यांची राखण करतात. भूक नाही, राग आहे तो. राखण करणारा मासा काढला की पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात. या रागावर मासे पकडणं सगळ्यात सोपं आहे आणि आम्ही त्याला मासेमारी म्हणत नाही.

लागल्यावर पहिल्या तीन सेकंदांत माशाचं डोकं वर आणायचं. लाइन सोडायची नाही, रॉड वरखाली पंप करायचा नाही, कारण प्रत्येक ढील दिली की ती एक गिरकी घेऊन वेलात जाते. पाल्यासकट एकसंध ओढत काठावर. पाला डोळ्यांवर आला की मासा बऱ्याचदा शांतही होतो. काठावर ओल्या फडक्याने मानेमागे धरा. अंगावरचा चिकट थर कोरड्या हाताने खरवडला जातो. अंगठा तोंडात घालू नका. २५ सेंटिमीटर लांब नाकाची पक्कड आणि एक साइड कटर जवळ हवाच. गळ खोल असेल तर ओढत बसण्यापेक्षा टोक कापून टाकणं स्वस्त. वजन ओल्या पिशवीत ठेवून, पिशवीचं वजन वजा करून. आणि एक गोष्ट ऐकायला विचित्र वाटते: फोटोसाठी म्हणून मरळ जाळीच्या पिशवीत घालून पूर्ण पाण्याखाली ठेवली तर ती बुडून मरते. वर येऊन हवा घेता आली नाही की संपलं. पिशवीचा वरचा भाग पाण्याबाहेर ठेवा.

बाकीची ल्यूरं थोडक्यात. ऑगस्टच्या उत्तरार्धात काळ्या मातीचं पाणी इतकं गढूळ असतं की वीतभर खाली हात दिसत नाही. तेव्हा गोल पात्याचा स्पिनरबेट पाल्याच्या कडेकडेने, पातं पृष्ठभागाखाली पाणी फुगवेल एवढ्याच वेगाने. मासा त्याची धडधड अंगावरच्या बाजूच्या रेषेने ओळखतो. प्रत्येक माशानंतर त्याची तार वाकते. समोरून बघा: पात्याची तार, लाइन बांधायचा डोळा आणि गळाचं टोक एका पातळीत हवं. तार दोन-तीन मिलिमीटर जरी बाजूला गेली तरी ल्यूर कुशीवर येतं.

स्पून घरीही होतो. स्टीलचा जेवणाचा चमचा, दांडा कापून, दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोकं, कडा कानशीने पूर्ण गुळगुळीत. कडा राहिली तर लाइन कापली जाते. वजन २० ग्रॅमच्या आसपास भरतं. गळ एकेरी, ४/० मापाचा, आणि पाला अडू नये म्हणून पुढे गिटारची पातळ तार. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल यांनी अशा ल्यूरचं पेटंट १८५२ मध्ये घेतलं. आपल्याला फक्त स्वयंपाकघराची परवानगी घ्यावी लागते. खोलगट चमचा रुंद डोलतो आणि हळू ओढता येतो, चपटा नुसता चमकतो. खोलगट निवडा.

डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री १० अंशांवर येतात आणि मरळ तळाला जाऊन सुस्तावते. बेडूक डब्यात जातो. शॅड ५/० मापाच्या रुंद वाकाच्या गळावर, टोक रबरात लपवून, पोटाला ५ ग्रॅम शिसं. तळाला टेकवायचा, हातभर उचलायचा, पुन्हा टेकवायचा, तीन सेकंद थांबायचं. ठोका जाणवत नाही. लाइन जड झाल्यासारखी वाटते, बस.

मिनो फक्त फुगवट्याच्या खडकाळ, मोकळ्या पाण्यात. तिथे लाइनपुढे ६० सेंटिमीटर लांब, जाड फ्लुओरोकार्बन (नायलॉनसारखी पण टणक लाइन), कारण दगड ब्रेडेड लाइन कापतो. मोठी, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका असलेली मरळ तिथे असते, तसे दाताळ शिवडे, ज्यांना इकडे पाढिन म्हणतात. त्या एका माशासाठी पाइकची स्टीलची तार खरोखर उपयोगी पडली. तिहेरी गळ काढून एकेरी लावतो, गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकतो. वजन कमी झालं की मिनो जास्त तरंगतो आणि डोलणं बदलतं. गळाच्या दांड्याला शिशाची तार गुंडाळून जुनं वजन भरून काढायचं. काटे दाबण्याचं आणखी एक कारण: महाशीर हा २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. तो मिनोला लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडायचा. धरणाच्या खालच्या अंगाला पात्रातल्या खडकांवर उभं राहून फेकू नये. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात नर्मदेकाठच्या धाराजीच्या जत्रेत वरच्या धरणातून सुटलेल्या पाण्याने माणसं वाहून गेली. पाणी वाढायला लागल्यावर सामान गोळा करायला वेळ मिळत नाही.

घरी आल्यावर बेडूक पिळून, गळ पुसून, डब्याचं झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळवतो. आत पाणी राहिलं तर दांडा आतून गंजतो, बाहेरून काही दिसत नाही. रबरी शॅड बेडकांच्या शेजारी ठेवायचे नाहीत. आठवड्यात दोन्ही चिकट होऊन एकमेकांत रुततात. मे महिन्यात डबा गाडीत राहिला तर दुपारपर्यंत बेडूक चपटा होतो. उकळी न आलेल्या गरम पाण्यात मिनिटभर धरून बोटांनी फुगवला की बराचसा सरळ होतो, पण पाठ आणि गळ यांच्यात जो मिलिमीटरभर फरक पडतो तो राहतोच. असा बेडूक पुन्हा चिमटीच्या आणि बादलीच्या परीक्षेला बसवायचा, आणि गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं टेकवून पाहायचं. घसरलं तर कानस, रुतलं तर डब्यात.